स्टेपनी नसलेली गाडी आणि बाटलीवरच्या सूचना

आमच्या नव्या गाडीत स्टेपनी नाही. डिक्कीतलं झाकण उचललं की जिथे पाचवं चाक असायचं, तिथे फोमची एक काळी पेटी आहे. तिच्यात जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर, पांढऱ्या द्रवाची सीलबंद बाटली, एक आखूड नळी आणि ८० आकडा छापलेलं गोल स्टिकर. पंक्चर झालं तर एवढ्यावरच भागवायचं.

माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. अंबाजोगाईत गाडी घरासमोर उभी राहिली तेव्हा सगळे बॉनेटभोवती जमले आणि मामा मात्र सरळ मागे गेले. डिक्की उघडून बघितली आणि म्हणाले, "स्टेपनी नाही? मग गाडी अर्धीच दिली की."

त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण यात बेकायदा काही नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. टायर ट्यूबलेस असतील, टायरमधली हवा कमी झाल्याचं चालकाला सांगणारी यंत्रणा असेल आणि सोबत दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. हे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. जागा वाचते, वजन वाचतं, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसवता येते, ही त्यामागची कारणं. कारणं खरी आहेत. पण चाक काढून किट दिलं, तर ते किट कसं वापरायचं हे शिकवणंही आलं. आम्हाला गाडी ताब्यात देताना फोन स्पीकरला कसा जोडायचा हे हौसेने दाखवलं, डिक्कीतली पेटी कुणी उघडलीसुद्धा नाही. आणि पुस्तिका सगळी इंग्रजीत.

मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत बाटलीला हात लावण्याआधी लेबल वाचायचं, हे मुलांना दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगते. त्याच सवयीने त्या रात्री ती बाटली घेऊन बसले. सूचना भरपूर होत्या आणि प्रत्येकीपुढे धोक्याचा त्रिकोण. सरसकट सगळ्याला त्रिकोण लावला की माणूस एकही वाचत नाही, हे खरं आहे. पण मी एकेक वाचत गेले, मामांना मराठीत सांगत गेले आणि ते 'का?' विचारत गेले. त्यांच्या त्या 'का'मुळेच मला त्या सूचना नीट कळल्या.

बाटलीतला द्रव म्हणजे रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स, आणि तो गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल. टायर फिरायला लागला की हा द्रव आतल्या बाजूने सगळीकडे पसरतो. भोकातून हवा बाहेर पडते तेव्हा ती द्रवालाही सोबत ओढते. त्या अरुंद जागेत चिकाचे कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळी होऊन भोक बुजतं. एवढं कळलं की निम्म्या सूचनांची कारणं आपोआप कळतात.

याची गरज पडली ती पौषात. मामांना घेऊन मी माहेरी वसमतला निघाले होते. परळी, गंगाखेड, परभणी असा आमचा नेहमीचा रस्ता. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर आणि जोड ट्रॉल्यांची रांग. अशा दिवसांत रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको: उसाचं वाढं, ट्रॉलीचे बोल्ट, तारेचे तुकडे, आणि कडेला वेड्या बाभळीचे काटे. गंगाखेड सोडून पोखर्णीच्या अलीकडे आलो आणि समोर टायरचा पिवळा दिवा लागला. डाव्या मागच्या चाकाचा आकडा बघता बघता खाली यायला लागला.

लगेच थांबले. ही पहिली सूचना आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. हवा गेलेल्या टायरवर थोडं जरी पुढे गेलं, तरी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची बाजूची भिंत चिरडली जाते आणि आतून रबराची पूड व्हायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. अशा टायरमध्ये मग कितीही द्रव ओतला तरी तो भरवशाचा राहत नाही. 'पुढच्या गावात पंक्चरवाला आहे, तिथपर्यंत जाऊ' हा विचार ट्यूबच्या काळातही टायर खायचा, आता तर किटही निरुपयोगी करतो.

मामा उतरून चाकापाशी बसले. टायरच्या नक्षीत, बरोबर मधल्या पट्ट्यात एक स्क्रू रुतला होता. आमच्या पुस्तिकेत ४ मिलीमीटरपर्यंतच्या भोकाला किट चालतं असं लिहिलंय, तेही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात. त्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, तो कमी वाकतो. बाजूची भिंत मात्र चाकाच्या प्रत्येक फेरीत दबते आणि सुटते. तिथे गुठळी बसली तरी टिकणार नाही. म्हणून बाजूला चीर असेल तर पेटी बंद करायची आणि मदत मागवायची.

तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा पोरगा उडी मारून आला आणि पक्कड घेऊनच आला. "ताई, तो स्क्रू काढा की आधी. चाक फिरलं की अजून आत घुसंल."

मी काही म्हणायच्या आत मामांनी त्याचा हात धरला. "राहू दे बाबा. काढू नका म्हणून लिहिलंय यांच्या पुस्तकात." मग त्यालाही कारण सांगितलं. तो स्क्रूच आत्ता बूच म्हणून बसलाय. तो उपसला तर भोक पूर्ण उघडं पडेल आणि द्रव गुठळी धरायच्या आत बाहेर फेकला जाईल. पोराला पटलं. तो ट्रॅक्टरमागे जाऊन रुमाल हलवत मागच्या गाड्यांना बाजूने काढायला लागला. कुठला होता, विचारायचं राहून गेलं.

त्या रस्त्याच्या कडेला मला या किटचा खरा फायदाही कळला. आपली काळी माती. डांबर संपलं की लगेच तीच सुरू होते. शेजारच्या शेताला पाणी दिलेलं होतं, कड भुसभुशीत झाली होती. तिथे जॅक लावला असता तर चाक वर यायच्या आधी जॅकच खाली गेला असता. खाली फळी हवी, फळी कुठून आणायची? किटला जॅक लागत नाही, पाना लागत नाही, चाक काढायचंच नसतं. मामांनीही हे मान्य केलं आणि मामा सहजासहजी काही मान्य करणारे नाहीत.

बाटली जोरात हलवली, नळी व्हॉल्व्हला जोडली, कॉम्प्रेसरची वायर सॉकेटमध्ये लावली. इंजिन चालू ठेवलं, नाहीतर कॉम्प्रेसर बॅटरी उतरवतो. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये हे करू नये अशी सूचना आहे, कारण इंजिनाचा विषारी धूर तिथे कोंडतो. बटण दाबल्याबरोबर काटा एकदम खूप वर गेला. मामा दचकले. पण पुस्तिकेत तेही लिहिलं होतं: घट्ट द्रव व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून जात असतो तेव्हा दाब जास्त दिसतो, बाटली रिकामी झाली की काटा खाली येतो. तसाच आला आणि मग हळूहळू चढत ३३ पीएसआयवर गेला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप). हवा भरताना आम्ही चाकासमोर न बसता बाजूला उभे होतो आणि नजर टायरच्या भिंतीवर होती. फुगा आला, चीर दिसली, तर लगेच बंद करायचं. कॉम्प्रेसरही सलग १० मिनिटांपेक्षा जास्त चालवायचा नाही, एवढीशी मोटर तापून जळते. आमच्याकडच्या वैशाखात तर ती आधीच तापलेली असेल.

दाब भरल्यावर मामा म्हणाले, "जरा थांबून बघू, हवा उतरते का." मेकॅनिकची सवय तीच सांगते. इथे मात्र थांबायचं नसतं. गाडी उभी राहिली तर द्रव टायरच्या तळाशी साचतो, स्क्रू असेल तिथे पोचतच नाही. लगेच निघायचं, हळू चालवायचं आणि साधारण १० किलोमीटरनंतर थांबून दाब बघायचा. तो १.३ बारच्या, म्हणजे अंदाजे १९ पीएसआयच्या, खाली गेला असेल तर भोक बुजलेलं नाही. पुढे एक पाऊलही जायचं नाही. त्याच्या वर असेल तर पुन्हा पूर्ण हवा भरून पुढे जायचं. आमचा आकडा २९ होता.

आणि ते ८० चं स्टिकर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही ही आठवण. ते मी निघण्याआधी समोर, चालवणाऱ्याला सतत दिसेल असं लावलं, एअरबॅगच्या झाकणाला चुकवून. ते लोक टाकून देतात याचं मला फार वाईट वाटतं. आपण पंक्चर स्वतः काढलं, गाडी नीट चालतेय, स्टिअरिंग ओढत नाही, या समाधानात अर्ध्या तासात माणूस विसरतो की एक चाक चिकाच्या गुठळीवर चाललंय. वेग वाढला की टायर तापतो, आतला द्रव चाकाचा तोल बिघडवतो आणि गुठळी सुटू शकते. जालन्याहून समृद्धीवर चढणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावं. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, आजूबाजूच्या सगळ्या गाड्या सुसाट असतात आणि त्यांच्यासोबत पाय आपोआप दाबला जातो. किट वापरलेल्या टायरने तिथे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच चाकावर आपली माणसं बसलेली असतात.

आम्ही ६० च्या आतबाहेर परभणी गाठली. पंक्चरवाल्याला आधीच सांगितलं, की आत द्रव भरलाय. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं ताई. लोक सांगत नाहीत, टायर रिमवरून सुटला की सगळं अंगावर येतं." डोळ्यांत गेलं तर चरचरतं, काहींना रबराच्या चिकाची ॲलर्जी असते. त्याने टायर उतरवून द्रव एका डब्यात काढला, आत कुठे पूड झालीय का ते बोट फिरवून बघितलं, पाण्याने धुतलं आणि आतून मशरूम पॅच लावला. व्हॉल्व्हपाशी असलेला दाबाचा सेन्सरही ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगितलं, चीक वाळला तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो.

वसमतला पोचल्यावर भावाने काही विचारायच्या आधी मामांनी त्याला किटचं सांगितलं, सविस्तर, प्रत्येक 'का'सकट. भावाच्याही गाडीत तीच पेटी आहे आणि त्याने ती कधी उघडलेली नव्हती. तिथेच मी सगळ्या सूचना मराठीत कागदावर उतरवल्या, मोठ्या अक्षरात, रात्री मोबाइलच्या उजेडात वाचता येतील अशा. आता तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात दोन्ही गाड्यांच्या पेटीत आहे. खाली १०३३ लिहिलंय, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा क्रमांक.

त्या कागदात दोन गोष्टी मी लाल पेनाने लिहिल्या. एक, बाटलीवरची तारीख. या द्रवाला मुदत असते, बहुतेक बाटल्यांची चारपाच वर्षं. मुदत संपलेल्या बाटलीतला चीक आतच गोठतो आणि ऐनवेळी नळीतून काही येत नाही. परभणीच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीत तर ती तारीख दर उन्हाळ्याआधी बघावी. दुसरी, लहान मुलं. काही बाटल्यांत इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता मूल दवाखान्यात न्यायचं, बाटली सोबत घेऊन, म्हणजे डॉक्टरांना लेबल दिसेल. उरलेला द्रव नालीत ओतायचा नाही आणि रिकामी बाटली पोरांना खेळायला द्यायची नाही.

बाटली एकदाच वापरता येते. नवी मागवायला गेले तर अंबाजोगाईत नव्हती, लातूरलाही लगेच मिळाली नाही, ऑर्डर देऊन बरेच दिवस वाट बघावी लागली. तेवढे दिवस गाडीत नुसता कॉम्प्रेसर. मामांनी मग चौकशी करून आमच्याच रिमच्या मापाचं एक जुनं चाक मिळवलं, त्यावर टायर चढवून घेतला आणि लांब जायचं असेल तेव्हा ते डिक्कीत टाकायला सांगितलं. नवी बाटली आली आहे. तरी लांबच्या प्रवासाला मी दोन्ही घेते, सोबत जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायला सागाची एक फळी.