स्लाइडवरचा गुलाबी भाग

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की नजर आधी जांभळ्या ग्रंथींकडे धावते. वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या, पोटात मेलेल्या पेशींचा गाळ साठलेल्या. निदान त्यांच्यावरूनच होतं, म्हणून रिपोर्टात त्यांचं वर्णन सविस्तर येतं. त्यांच्या मधे पसरलेला गुलाबी भाग मात्र 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' (गाठीच्या पेशींभोवती दाटलेली तंतुमय आधार-ऊती) एवढ्यावर उरकला जातो. कित्येक गाठींत हा गुलाबी भाग निम्म्याहून जास्त जागा व्यापून असतो. इओसिन या गुलाबी रंगाने रंगलेले ते धागे म्हणजे कोलॅजन, आणि त्यात मधूनमधून दिसणारी, चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती केंद्रकं ही ते धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची. शाळेच्या पुस्तकात या पेशी संयोजी ऊतीच्या धड्यात भेटतात: आधार द्यायचा, जागा भरायची, संपलं. पण आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाचं पुढे काय होणार, यात या पेशींचा हात फार मोठा आहे. त्यांना रिपोर्टात एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

निरोगी आतड्यातही या पेशी नुसत्या बसून नसतात. मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे शेजारीशेजारी रोवलेली असंख्य सूक्ष्म नळकांडी, ज्यांना क्रिप्ट म्हणतात. क्रिप्टच्या तळाशी स्टेम सेल असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत माथ्यावरून गळून पडतात. तळाशी विभागत राहायचं आणि वर गेल्यावर थांबायचं, हा हुकूम बराचसा भोवतालच्या फायब्रोब्लास्टकडून येतो. तळाजवळचे फायब्रोब्लास्ट विंट, आर-स्पाँडिन आणि ग्रेमलिन-१ ही प्रथिनं सोडतात, ज्यांच्या जोरावर स्टेम सेल टिकतात. माथ्याजवळचे बीएमपी नावाचं प्रथिन सोडतात, ज्याने पेशी परिपक्व होतात. ग्रेमलिन बीएमपीला अडवतं. म्हणजे एकाच जातीच्या पेशी, पण ठिकाण बदललं की काम उलटं. पुढचं सगळं याच गोष्टीभोवती फिरतं.

जखम झाली की फायब्रोब्लास्ट जागे होतात. त्यांच्यात अल्फा-स्मूथ मसल अॅक्टिनचे जाड दोर तयार होतात आणि स्नायूसारखे ताण देऊन ते जखमेच्या कडा ओढतात. या रूपाला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात, ज्यूलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. जखम भरली की या पेशी मरतात किंवा शांत होतात. गाठीत तसं होत नाही. हॅरोल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं ते याच अर्थाने: दुरुस्तीची यंत्रणा सुरू होते आणि बंद व्हायचं नावच घेत नाही.

ती सुरू ठेवणारा मुख्य रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. तो पेशींबाहेरच्या धाग्यांच्या जाळ्यात कुलूपबंद अवस्थेत पडून असतो. पेशींनी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या हुकांनी जाळं ताणलं की कुलूप उघडतं आणि रेणू मोकळा होतो. जाळं जितकं ताठ, तितकं ते ओढ खाऊन सैल पडत नाही आणि कुलूप तितक्या सहज उघडतं. मोकळा झालेला टीजीएफ-बीटा फायब्रोब्लास्टला आणखी कोलॅजन करायला लावतो, लायसिल ऑक्सिडेज हे विकर धाग्यांना एकमेकांत बांधतं, जाळं आणखी ताठ होतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आपोआप वेग घेतं. बोटाने तपासताना गाठ दगडासारखी लागते, त्यामागे पेशींच्या गर्दीपेक्षा या बांधलेल्या कोलॅजनचा वाटा मोठा असतो.

आतड्याच्या कॅन्सरचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यावं लागतं. निरोगी अस्तरपेशीला टीजीएफ-बीटा 'वाढ थांबव' असं सांगतो. म्हणून गाठीच्या पेशी अनेकदा हा निरोप ऐकणंच बंद करतात. मायक्रोसॅटेलाइट अस्थिर (डीएनएच्या चुका दुरुस्त न होणाऱ्या) गाठींमध्ये टीजीएफ-बीटाचा निरोप घेणाऱ्या दुसऱ्या रिसेप्टरचं जनुक बहुतेक वेळा मोडलेलं असतं, कारण त्यात अॅडेनिन हे डीएनएचं अक्षर सलग दहा वेळा आहे आणि डीएनएची दुरुस्ती ढिली पडली की अशाच जागी चूक होते. इतर गाठींपैकी काहींत हा निरोप पेशीच्या आत पोचवणारं एसमॅड-४ हे प्रथिन गळालेलं असतं. अशी बहिरी झालेली गाठ टीजीएफ-बीटा तयार मात्र करत राहते, आणि तो ऐकतात शेजारचे फायब्रोब्लास्ट. बार्सिलोनात एदुआर्द बातये यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की या हाकेला ओ देऊन फायब्रोब्लास्ट इंटरल्यूकिन-११ हे निरोप्या प्रथिन सोडतात, त्याने कॅन्सरपेशींत स्टॅट-३ हे प्रथिन चेततं आणि यकृतासारख्या परक्या जागी उतरल्यावर मरायच्या त्या पेशी तग धरतात. शेतात वाफसा आल्याशिवाय पेरणी साधत नाही. इथे वाफसा आणून देणारे हे फायब्रोब्लास्ट आहेत.

रसायनांइतकंच महत्त्व ताकदीला आहे. अस्तर आणि खालची ऊती यांच्यामध्ये बेसमेंट मेम्ब्रेन नावाचा पातळ पडदा असतो. कॅन्सरपेशी विकरं सोडून हा पडदा विरघळवतात, असंच शिकवलं जातं. पॅरिसच्या क्यूरी संस्थेतल्या गटाने २०१७ मध्ये उंदराच्या आतड्याभोवतालचा पडदा ताणून त्यावर आतड्याच्या कॅन्सरपेशी आणि रुग्णांच्या गाठींतले फायब्रोब्लास्ट ठेवले. फायब्रोब्लास्टनी पडदा अक्षरशः ओढला, त्याला भोकं पाडली आणि कॅन्सरपेशी त्यातून पलीकडे गेल्या. धातुयुक्त प्रोटिएज विकरं औषधाने बंद केली तरी हे घडलंच.

जनुकांचं वाचन करणाऱ्यांना या पेशींनी चांगलाच चकवा दिला होता. २०१५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचे चार रेण्विक प्रकार ठरले, सीएमएस-१ ते सीएमएस-४. त्यातला चौथा, साधारण २३ टक्के गाठींचा, सर्वांत वाईट वागणारा. त्यात मेसेन्कायमल, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशींची, जनुकं भरपूर दिसत, म्हणून कॅन्सरपेशींनीच अस्तराचं रूप टाकून फिरस्त्या पेशीचं रूप घेतलं असावं, असा समज होता. त्याच वर्षी दोन गटांनी पेशी वेगळ्या करून पाहिल्या. इटलीतल्या तूरिनच्या गटाची युक्ती सुरेख होती: माणसाची गाठ उंदरात वाढवली की काही काळाने तिच्यातला स्ट्रोमा उंदराचा होतो, मग आरएनएचा प्रत्येक तुकडा माणसाचा की उंदराचा ते वाचता येतं. ती वाईट जनुकं बहुतांशी उंदराची निघाली, म्हणजे स्ट्रोमाची. यातून एक व्यावहारिक इशारा मिळतो. कोलोनोस्कोपीत वरवरून घेतलेल्या बायोप्सीत स्ट्रोमा कमी येतो, खोल कडेच्या तुकड्यात जास्त. त्यामुळे एकाच गाठीचा सीएमएस प्रकार तुकडा कुठून घेतला त्यावर बदलू शकतो.

आता पुन्हा स्लाइडकडे. नवं यंत्र, महागडी चाचणी, काहीही न घेता रोजच्या एच अँड ई (जांभळ्या-गुलाबी रंगांच्या) स्लाइडवर स्ट्रोमा मोजता येतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २००७ मध्ये मांडलेली गाठ-स्ट्रोमा गुणोत्तराची पद्धत अशी: गाठ सर्वांत खोल जिथे गेली आहे ती, म्हणजे टी-स्टेज ठरवण्यासाठी वापरलेली स्लाइड घ्यायची. कमी भिंगाखाली सर्वाधिक स्ट्रोमा असलेली जागा शोधायची, मग १० च्या ऑब्जेक्टिव्हवर जायचं. निवडलेल्या क्षेत्राच्या चारही बाजूंना गाठीच्या पेशी दिसल्याच पाहिजेत. मग डोळ्यांनी १०-१० टक्क्यांच्या टप्प्यात अंदाज. स्ट्रोमा ५० टक्क्यांहून जास्त असेल तर 'स्ट्रोमा-हाय', आणि अशा रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. चारही बाजूंचा नियम पाळला नाही तर गाठीबाहेरची निरोगी संयोजी ऊती मोजली जाते. आतड्याच्या भिंतीचा गुळगुळीत स्नायूही गुलाबीच दिसतो आणि स्ट्रोमात धरला जातो. म्युसिनची, म्हणजे चिकट श्लेष्माची, तळी आणि मेलेला भाग हिशोबातून वगळायचा असतो, तो राहून जातो. रेडिएशन घेतलेल्या गुदाशयाच्या गाठीत ही पद्धत तशीच लावू नये, कारण तिथला तंतुमय भाग उपचारानेही आलेला असतो. आपल्याकडे म्युसिनची गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवायला हवी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिकेत रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत होतं आणि सिग्नेट रिंग प्रकारच्या (पेशीत म्युसिन साठून केंद्रक कडेला ढकललं गेलेल्या) गाठी पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. म्युसिनने भरलेल्या अशा गाठींत टक्केवारी सांगताना हात आखडता घ्यावा.

स्ट्रोमा किती आहे याबरोबर तो कसा आहे हेही पाहावं. जपानमध्ये उएनो यांनी गाठीच्या पुढच्या कडेवरच्या स्ट्रोमाचे तीन प्रकार केले. बारीक, एकावर एक रचलेले लांब धागे असतील तर पक्व. त्यात केलॉइडसारखे (फुगून आलेल्या व्रणासारखे) जाड, चकचकीत गुलाबी पट्टे दिसले तर मध्यम. आणि धाग्यांऐवजी फिकट निळसर, पाणचट, श्लेष्मासारखा (म्युकॉइड) स्ट्रोमा ४० च्या ऑब्जेक्टिव्हचं एक पूर्ण क्षेत्र भरेल इतका पसरला असेल तर अपक्व, आणि हा सर्वांत वाईट. याच कडेवर चारपर्यंत पेशींचे सुटे पुंजके, म्हणजे बडिंग, ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात: ४ पर्यंत कमी, ५ ते ९ मध्यम, १० किंवा त्याहून अधिक असतील तर जास्त. अपक्व स्ट्रोमा आणि जास्त बडिंग हातात हात घालून येतात, हे वर सांगितलेल्या यंत्रणेशी जुळणारंच आहे.

प्रयोगशाळेत या पेशी वाढवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. तुकडा गाठीच्या मेलेल्या मध्यातून घेऊ नका, कडेचा घ्या, आणि जोडीला त्याच रुग्णाचा किमान ५ ते १० सेंटिमीटर लांबचा निरोगी तुकडा. आतडं जंतूंनी भरलेलं असतं, त्यामुळे नुसतं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन पुरत नाही. जेंटामायसिन आणि अँफोटेरिसिन बी घालून तीन-चार वेळा धुवा. १-२ मिलिमीटरचे तुकडे करून डिशमध्ये मांडा आणि सुरुवातीला जेमतेम ओले राहतील इतकंच माध्यम घाला. डिश भरून माध्यम ओतलं की तुकडे तरंगतात, चिकटत नाहीत आणि पंधरा दिवस वाया जातात. चिकटले तर एक-दोन आठवड्यांत कडेने फायब्रोब्लास्ट रांगत बाहेर येतात. घाई असेल तर कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर तास-दीड तास, मग ७० मायक्रॉनची गाळणी. फायब्रोब्लास्ट अर्ध्या-पाऊण तासात डिशला धरतात, अस्तरपेशी तोवर सुट्याच असतात, त्या धुऊन काढता येतात.

हाती आलं ते फायब्रोब्लास्टच, हे एका खुणेने सिद्ध होत नाही. व्हिमेंटिन हे प्रथिन हवं; एपकॅम व सायटोकेराटिन (अस्तरपेशींच्या खुणा), सीडी-४५ (पांढऱ्या रक्तपेशींची) आणि सीडी-३१ (रक्तवाहिन्यांच्या अस्तराची) नकोत. डेस्मिन हे स्नायूंचं प्रथिन ठळक दिसलं तर भिंतीतला स्नायू आला असण्याची शंका घ्या. अल्फा-स्मूथ मसल अॅक्टिन रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइटमध्येही असतं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डिशचं प्लास्टिक. आतड्याची ऊती काही किलोपास्कल इतकी मऊ, आणि प्लास्टिक गिगापास्कलमध्ये, म्हणजे लाखो पट ताठ. त्यावर निरोगी फायब्रोब्लास्टही थोड्याच पॅसेजमध्ये (एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) अॅक्टिनचे दोर विणून गाठीतल्यासारखे वागायला लागतात. मग 'निरोगी' आणि 'गाठीतले' यांत फरक दिसत नाही आणि संशोधक औषधाला दोष देतो. दोन्ही जोड्या एकाच पॅसेजला, शक्यतो पाच-सहाच्या आत तपासा, आणि मऊ जेलवर एकदा तरी पडताळा. आकसण्याची चाचणी (पेशी कोलॅजनचा जेल किती ओढतात ते पाहण्याची) करायची तर १-२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कोलॅजन बर्फावरच उदासीन करा. माध्यमाचा रंग पिवळ्यावरून फिक्या गुलाबीवर आला की लगेच पेशी मिसळून ओता. जेल बसल्यावर त्याची कड टोकदार पिपेटने भिंतीपासून सोडवायला विसरू नका, नाहीतर जेल आकसणारच नाही आणि पेशी निकामी आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

एवढं सगळं कळल्यावर 'मग मारून टाका या पेशी' हा विचार साहजिक होता, आणि तो करूनही पाहिला गेला. फायब्रोब्लास्टवरच्या एफएपी या प्रथिनाविरुद्धचं सिब्रोटुझुमॅब हे प्रतिपिंड औषध पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दिलं गेलं. २००३ च्या अहवालानुसार चाचणी पुढे नेण्याइतकाही परिणाम दिसला नाही. उंदरांमध्ये अॅक्टिनधारी फायब्रोब्लास्ट नष्ट केले तेव्हा आतड्याच्या गाठी उलट जास्त बिघडल्या, कारण त्यांतले काही बीएमपी सोडून कॅन्सरच्या स्टेम सेलना आवरून धरत होते. ग्रेमलिन-१ सोडणारे फायब्रोब्लास्ट जास्त तर भवितव्य वाईट, बीएमपीला बळ देणाऱ्या आयएसएलआर या प्रथिनाचे धारक जास्त तर बरं. क्रिप्टच्या तळाचा आणि माथ्याचा तोच जुना झगडा. म्हणून सरसकट मारण्यापेक्षा त्यांचं वळण बदलणं, ही दिशा मला जास्त पटते.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असा एक प्रयत्न फ्रँकफुर्टमधून पुढे आला आहे. या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी ५ फेऱ्यांत २५ ग्रे किंवा पाच-साडेपाच आठवड्यांत ४५ ते ५०.४ ग्रे रेडिएशन देतात, जोडीला केमो. काही गाठी विरघळतात, काही ढिम्म राहतात. २०२२ च्या कामानुसार, गाठीतून येणारं इंटरल्यूकिन-१ अल्फा फायब्रोब्लास्टना दाहक बनवतं. अशा फायब्रोब्लास्टवर रेडिएशन पडलं की ते मरत नाहीत, अकाली म्हातारे होतात, आणि त्या अवस्थेत कोलॅजन व इतर स्राव सोडून गाठीला सांभाळतात. इंटरल्यूकिन-१ ची वाट अडवली तेव्हा उंदरांतल्या गाठी रेडिएशनला दाद देऊ लागल्या. यासाठी लागणारं अॅनाकिन्रा हे औषध संधिवातासाठी आधीपासून वापरात आहे.

एफएपी औषध म्हणून फसलं, पण खूण म्हणून कामी आलं. जर्मनीत हायडेलबर्गमध्ये विकसित झालेल्या एफएपीआय (एफएपीला चिकटणाऱ्या खुणेच्या) पेट स्कॅनमध्ये हाच स्ट्रोमा उजळतो, आणि नेहमीच्या ग्लुकोजच्या पेटमध्ये लपून राहणाऱ्या पोटाच्या पडद्यावरच्या बारीक गाठी त्यात दिसू शकतात. फक्त वाचताना ऑपरेशनची तारीख समोर ठेवावी: भरत आलेला टाका, रेडिएशननंतरचा व्रण, दुखावलेला सांधा, गर्भाशय, हेही त्यात उजळतात, कारण जागे झालेले फायब्रोब्लास्ट तिथेही असतात.