पांढरा पट्टा नसलेला चेंडू

२० ऑगस्ट २०२१ च्या शुक्रवारी रात्री वॉशिंग्टनविरुद्धच्या फुटबॉलच्या सराव सामन्यात आमच्या सिनसिनाटी बेंगल्स संघाच्या जमार चेसच्या हातांतून एकापाठोपाठ तीन चेंडू निसटले. पहिल्या वेळी माझा तेरा वर्षांचा मुलगा ओरडला, दुसऱ्या वेळी त्याने डोक्याला हात लावला आणि तिसऱ्या वेळी तो गप्पच बसला. मी मात्र, आयुष्यभर क्रिकेट पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने, "असले झेल आमच्या साताऱ्याच्या गल्लीतल्या पोरांनीही सोडले नसते," असे म्हणून मोकळी झाले. त्या वाक्याची मला पुढे बरेच दिवस लाज वाटली. आज लिहायला बसले आहे ती त्यामुळेच.

सांगायला हवे, की हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. त्यात वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, चाल सुरू होताच ठरलेल्या रेषेने धावतो, अंगावर चालून येणाऱ्या बचावपटूला चुकवतो आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू पकडतो. म्हणायला काम एवढेच. या कामासाठी बेंगल्सने त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पाचव्या क्रमांकावर चेसची निवड केली, तेव्हा आमच्या गावात चक्क दोन तट पडले होते.

त्यालाही कारण होते. आदल्या मोसमात क्वार्टरबॅक जो बरो याला पुरेसे संरक्षण मिळाले नव्हते. दहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ३२ वेळा चेंडूसकट खाली पाडले आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा गुडघा कामातून गेला. अशा वेळी त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहील असा पेनेई स्यूएल हा धिप्पाड खेळाडू उपलब्ध असताना चेंडू पकडणारा कशाला घ्यायचा, असे एका तटाचे म्हणणे होते. दुसरा तट म्हणे की बरो आणि चेस २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून एकत्र खेळले आणि राष्ट्रीय विजेते झाले; त्या एका मोसमात चेसने १,७८० यार्ड (झेल घेऊन पुढे नेलेले अंतर) आणि २० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) मिळवले; ही जोडी पुन्हा जुळवण्यासारखे शहाणपण दुसरे नाही. आमचे शेजारी शाळेत तीस वर्षे फुटबॉल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि माझा मुलगा त्यांना नुसते ‘कोच’ म्हणतो. ते पहिल्या तटात होते. माझा मुलगा दुसऱ्या तटात. मी चहा करत होते.

या सगळ्या वादात एक गोष्ट मागे पडली होती. करोनाच्या साथीमुळे चेसने २०२० चा मोसम खेळायचाच नाही असे ठरवले होते, त्यामुळे जानेवारी २०२० मधल्या विजेतेपदाच्या सामन्यानंतर थेट ऑगस्ट २०२१ पर्यंत तो एकाही खऱ्या सामन्यात उतरला नव्हता. एकवीस वर्षांच्या मुलाने दीड वर्ष अंगावर येणाऱ्या माणसाचा धक्का खाल्लेला नव्हता, हजारो लोकांच्या गोंगाटात फिरत येणारा चेंडू पाहिलेला नव्हता. आणि एवढ्या खंडानंतर जो चेंडू त्याच्याकडे आला, तो त्याचा ओळखीचा चेंडूच नव्हता.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. झेल सुटू लागल्यावर चेसने पत्रकारांना जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की व्यावसायिक फुटबॉलचा चेंडू थोडा मोठा असतो, त्याच्या टोकांजवळ पांढरे पट्टे नसतात, त्यामुळे तो येताना दिसायला अवघड जातो आणि वरचे पांढरे टाके शोधावे लागतात. या खुलाशाची देशभर जी टर उडाली ती मी विसरलेले नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अमेरिकेत नाही, पण भाव तोच होता, आणि ती म्हण मीच आमच्या घरात त्या आठवड्यात दोनदा वापरली.

पुढच्या शनिवारी मुलाने मला अंगणात बोलावले. त्याच्याकडे शाळेचा चेंडू होता आणि कोचनी त्यांच्या गराजमधून व्यावसायिक फुटबॉलमध्ये वापरतात तसा दुसरा आणला होता. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा आकारातला फरक मला सांगूनही कळला नाही. दिसत होता तो पट्ट्यांचा फरक. शाळा आणि विद्यापीठांच्या चेंडूवर दोन्ही टोकांच्या अलीकडे, टाक्यांच्या दोन बाजूंच्या पाकळ्यांवर, साधारण बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा रंगवलेला असतो. व्यावसायिक चेंडू नखशिखांत तपकिरी. पांढरे असे त्याच्यावर टाकेच काय ते.

"आई, तू तिकडे त्या झाडापाशी उभी राहा आणि नुसती बघ," मुलगा म्हणाला. सूर्य घरांच्या मागे गेला होता. कोचनी आधी पट्ट्यांचा चेंडू फेकला. गरगर फिरत येणाऱ्या त्या चेंडूच्या टोकाजवळ मला एक फिकट कडे दिसत राहिले, आणि त्या कड्यामुळे चेंडूचे नाक कुठे आहे, ते वर आहे की खाली झुकू लागले आहे, हे न ठरवता कळत गेले. दुसरा चेंडू तसाच आला, तितक्याच वेगाने. या वेळी मात्र कडे नव्हते. एक तपकिरी ठिपका मोठा होत होता आणि त्यात टाक्यांची पांढरी रेघ क्षणभर चमकून नाहीशी होत होती. चेंडू नेमका किती जवळ आला आहे हे मला कळले ते तो माझ्या अनामिकेच्या टोकावर आदळला तेव्हा. बोट दोन दिवस सुजलेले होते आणि पोळ्या लाटताना चेसची आठवण येत होती.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी खरे तर हे लगेच समजून घ्यायला हवे होते. प्रकाशझोतातल्या कसोटीसाठी गुलाबी चेंडू आणावा लागला तो दिसण्याच्याच प्रश्नामुळे, आणि संधिप्रकाशात तो नीट दिसत नाही असे एखादा फलंदाज म्हणाला तर आपण त्याला हसत नाही. चेसच्या डोळ्यांनी तर शाळेपासून पट्ट्यांचाच चेंडू पाहिला होता. हात कधी उघडायचे आणि बोटे कधी मिटायची हे त्याचे डोळे त्या पांढऱ्या कड्यावरून ठरवत होते, आणि असे काही आपण करतो हे बहुधा त्यालाही कडे नाहीसे होईपर्यंत ठाऊक नसावे. नवख्या खेळाडूविषयी बोलताना आपण धैर्य, दडपण, मानसिकता असले मोठे शब्द वापरतो. माझ्या मते अडचण पुष्कळदा त्याहून बारीक असते, आणि म्हणूनच ती सांगितली की हास्यास्पद वाटते.

चेंडू सोडूनही बदल बरेच होते. विद्यापीठात चेंडू पकडताना एक पाय रेषेच्या आत टेकला तरी पुरते. व्यावसायिक सामन्यात दोन्ही पाय टेकावे लागतात, म्हणजे कडेला धावणाऱ्याला पायांचे गणित नव्याने मांडावे लागते. विद्यापीठात पकडणारा स्वतःहून घसरून गुडघ्यावर आला तरी चाल संपते. इथे प्रतिस्पर्ध्याने स्पर्श केला नसेल तर उठून पळता येते, आणि पळायचे सुचायला मात्र अंगवळण लागते. बचावपटूला पहिल्या पाच यार्डांतच रिसीव्हरला धक्के द्यायची मुभा असल्याने सारा जोर त्या पाच यार्डांत एकवटलेला असतो, आणि तो देणारे कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारे बचावपटू) म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांतून गाळून उरलेली माणसे. चालींची भाषा हे तर वेगळेच प्रकरण आहे. क्वार्टरबॅक एका दमात जे लांबलचक वाक्य म्हणतो, त्यात कोणी कुठे उभे राहायचे, कोणी आधी सरकायचे, संरक्षण कसे लावायचे आणि कोणी कुठे धावायचे हे सगळे सांकेतिक शब्दांत असते. वर पुन्हा समोरच्यांची मांडणी पाहून धावता धावता मार्ग बदलायचा असतो, आणि तोच बदल त्याच क्षणी क्वार्टरबॅकच्याही मनात आलेला असावा लागतो. इथे चेसचे नशीब बलवत्तर, कारण पलीकडे बरो होता आणि निम्मी भाषा त्या दोघांना आधीपासून येत होती.

वॉशिंग्टनच्या त्या सराव सामन्यात बरो खेळलाच नव्हता, हेही आम्ही हसण्याच्या भरात विसरलो होतो.

१२ सप्टेंबरला मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध खरा मोसम सुरू झाला. पूर्वार्ध संपता संपता बरोने उंच चेंडू टाकला, चेस आपल्या बचावपटूला मागे टाकून त्याच्याखाली पोहोचला आणि पन्नास यार्डांचा टचडाउन झाला. त्या दिवशी त्याने पाच झेल घेऊन १०१ यार्ड मिळवले. कोच कुंपणाजवळ येऊन म्हणाले, "त्याने मान पाहिलीस कशी ठेवली होती? टाके शोधत होता तो." ते खरे होते की त्यांची कल्पना, देव जाणे; पण तेव्हापासून मी चेसच्या हातांकडे न पाहता मानेकडे पाहू लागले. २४ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये त्याने एकट्याने २०१ यार्ड काढले आणि पहिल्या सात सामन्यांची त्याची बेरीज ७५४ झाली; कारकिर्दीच्या पहिल्या सात सामन्यांत झेल घेऊन एवढी मजल त्याआधी कोणी मारली नव्हती.

लोक गोष्ट इथे संपवतात: मुलगा अडखळला, सावरला, जिंकला. प्रत्यक्षात खरी परीक्षा यानंतर सुरू झाली, कारण आता प्रतिस्पर्ध्यांकडे त्याची सात सामन्यांची चित्रफीत होती. त्याच्यावर एकाऐवजी दोन माणसे ठेवली जाऊ लागली, लांबचे चेंडू बंद झाले. नोव्हेंबरच्या सात तारखेला क्लीव्हलंडच्या डेन्झेल वॉर्डने चेससाठी फेकलेला चेंडू मधल्या मध्ये पळवून ९९ यार्ड धावत नेला. ५ डिसेंबरला लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध तर हातात आलेला टचडाउनचा चेंडू चेसच्या बोटांवरून उडाला आणि बचावपटूने झेलला. आमच्या घरात पुन्हा शांतता. या वेळी पट्ट्यांचे नाव कोणी काढले नाही, चेसनेही नाही, आणि मला ते आवडले. चेंडू आता त्याच्या ओळखीचा झाला होता. सुटला तो नुसताच सुटला होता.

विद्यापीठाच्या संघांचा नियमित मोसम बाराएक सामन्यांत आटोपतो. व्यावसायिक मोसम त्याच वर्षी सोळावरून सतरा सामन्यांचा झाला होता, त्यात सराव सामने आधी आणि बाद फेरी नंतर. नवख्यांची पहिल्या वर्षी डिसेंबरात दमछाक होते असे इथे सगळे म्हणतात. चेसचे उलटे झाले. २ जानेवारी २०२२ रोजी कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध त्याने ११ झेल, २६६ यार्ड आणि तीन टचडाउन अशी कामगिरी केली. नवख्या खेळाडूने एका सामन्यात झेल घेऊन इतके यार्ड त्याआधी कधीच काढले नव्हते. पण माझ्या लक्षात राहिला आहे तो त्या दिवशीचा टचडाउन नसलेला झेल. बरोबरी झालेली, वेळ संपत आलेली, चारपैकी तिसरी संधी आणि पार करायचे अंतर तब्बल २७ यार्ड. अशा वेळी कोणीही शहाणा संघ थोडे पुढे सरकून गप्प बसतो. बरोने उंच चेंडू टाकला आणि कडेच्या रेषेला लगटून चेसने तो अंगाशी ओढला, ३० यार्ड. मुलगा सोफ्यावरून थेट कोचच्या दारात. त्यानंतर शेवटच्या सेकंदाला किक मारून आम्ही ३४–३१ ने जिंकलो.

मोसमाअखेर चेसच्या नावावर ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन होते, आणि आक्रमक फळीतला सर्वोत्तम नवखा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. आदल्या वर्षी चार सामने जिंकलेला संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला. १३ फेब्रुवारीला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना, मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, बेंगल्सची शेवटची चाल झाली. चेससमोर जेलन रॅम्सी होता, या खेळातला नावाजलेला कॉर्नरबॅक. त्या रात्री बरोला सात वेळा पाडण्यात आले होते. आताही चेंडू हातात येतो न येतो तोच रॅम्सचा एरन डोनाल्ड संरक्षणातून घुसला, त्याने बरोला धरून गरकन फिरवले आणि पडता पडता बरोने चेंडू कसाबसा भिरकावून दिला. तो जमिनीवर पडला.

नंतर ती चाल वरच्या कॅमेऱ्यातून पुन्हा दाखवली तेव्हा कोच आमच्याच दिवाणखान्यात होते. रॅम्सीला मागे टाकून चेस मोकळ्या मैदानात पळत होता आणि मान वळवून चेंडू शोधत होता. "स्यूएल," कोच एवढेच म्हणाले. मुलाने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.