ग्रांट संपली की पहिला जातो तो कोऑर्डिनेटर

शाळेतल्या मुलांसाठी प्रोग्रॅम चालवायला संस्था डोनरकडे ग्रांट, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी पैसे, मागतात. त्या प्रपोजलच्या शेवटी एक रकाना असतो, पैसे संपल्यावर प्रोग्रॅम कसा चालणार म्हणून. तो नेहमी डेडलाईनच्या रात्री भरला जातो, "लोकसहभाग वाढवून, स्थानिक संसाधनं उभी करून" वगैरे, आणि त्यात काही अर्थ नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही.

अमेरिकेत शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांसाठी 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स' नावाची मोठी सरकारी ग्रांट आहे, ३ ते ५ वर्षांची. तिथे तर हा आराखडा अर्जातच द्यायचा असं कायद्यातच लिहिलंय. तरी त्याच देशात कोविडनंतर शाळांना तीन हप्त्यांत १९० अब्ज डॉलरच्या आसपास जादा पैसे आले, शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, आणि ज्यांनी त्यातून ट्यूटर नि समुपदेशक नेमले होते त्यांच्यापुढे प्रश्न आला की आता यांचा पगार द्यायचा कुठून?

सगळं घोडं इथेच अडतं. पुस्तकं, टॅब्लेट, खेळाचं सामान हे सगळं मागे राहतं हो. जातो तो माणूस, म्हणजे कोऑर्डिनेटर. मुलांना नावानिशी ओळखणारा, दोन दिवस पोरगं आलं नाही तर घरी फोन करणारा, हेडमास्तरांकडून खोलीची किल्ली गोड बोलून मिळवणारा. बजेटमध्ये तो "मनुष्यबळ" या हेडखाली असतो आणि डोनरना नेमका तोच हेड खुपतो (फोटोत टॅब्लेट छान दिसतात, पगार दिसत नाही).

मग कोणीतरी सुचवतं की पालकांकडून थोडी फी घेऊ, फुकटची किंमत नसते. ऐकायला बरं वाटतं. केनियात शाळांमधून जंताच्या गोळ्या फुकट देत होते, २००१ मध्ये काही शाळांत पालकांकडून थोडेसेच पैसे घेऊन बघितले, तर गोळ्या घेणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण ७५ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांच्या खाली आलं. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांचा अभ्यास आहे हा, यातल्या क्रेमरना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे फी लावून प्रोग्रॅम टिकेलही कदाचित, पण ज्या मुलांसाठी सुरू केला ती पोरं त्यात नसतील.

सरकारकडे सोपवू, हा दुसरा ठरलेला उपाय. याला माझा विरोध नाही, उलट मोठ्या प्रमाणावर टिकायचं तर दुसरा रस्ताही नाही. पण केनियातच कंत्राटी शिक्षकांच्या प्रयोगात असं दिसलं की संस्थेने राबवलं तिथे मुलांचे मार्क वाढले, सरकारी यंत्रणेने राबवलं तिथे काहीच फरक पडला नाही. पगाराला उशीर, देखरेख ढिली, शिक्षक संघटनेचा विरोध अशी कारणं पुढे आली. कागदावर योजना तीच होती! त्यामुळे शेवटच्या महिन्यात फाईल देऊन, ग्रुप फोटो काढून हँडओव्हर होत नसतो, त्यांची माणसं निदान वर्षभर तुमच्याबरोबर काम करत असायला हवीत, आणि त्या कामाला त्यांच्या बजेटमध्ये हेड असायला हवा.

माझं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी बसून ठरवायचं की दहातल्या कुठल्या दोन गोष्टी काहीही झालं तरी ठेवायच्या. बहुतेक वेळा ते असतं मुलांना आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेटणारं एक भरवशाचं मोठं माणूस, बाकी शिबिरं, टी-शर्ट, स्नेहसंमेलन नसलं तरी चालतं. ते भेटणं शाळेच्या वेळापत्रकात एकदा बसलं की काढून टाकायला कोणालातरी निर्णय घ्यावा लागतो, आणि शाळेत निर्णय घ्यायला कोणाला आवडतं? आणि त्या एका माणसाचं मानधन दुसऱ्या वर्षापासूनच थोडं थोडं दुसरीकडून आणायला सुरुवात करायची, शाळेच्या विकास निधीतून, माजी विद्यार्थ्यांकडून, जिथून जमेल तिथून. डोनरलाही सांगायचं की बाबा, पैसे एकदम तोडू नका, दरवर्षी कमी करत आणा.

आणि काही प्रोग्रॅम बंदच करावेत, त्यात लाज कसली. फक्त मुलांना सहा महिने आधी सांगा, कोण कुठल्या वर्गाला किंवा क्लबला जाऊ शकेल ते बघून द्या, आणि या कामासाठी कोऑर्डिनेटरचा पगार ग्रांटच्या तारखेनंतर दोन महिने मिळेल अशी सोय बजेटमध्ये सुरुवातीलाच मागा. बहुतेक डोनर आधी नाहीच म्हणतील. मागाच तरी.