रमशिवायचा केक, बडोद्याचा नाताळ

बडोद्यात नाताळच्या केकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: रमऐवजी काय घालायचं? उत्तरही ठरलेलं: संत्र्याचा रस. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. रमच्या मापाने रस ओतला आणि महिनाभर फळं मुरवत ठेवली, तर केक बिघडलाच म्हणून समजा. रम काढली की तिच्याबरोबर तीन कामं जातात, आणि ती तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी भरून काढावी लागतात.

दारूबंदीचा कायदा इथे १९४९ चा, जुन्या मुंबई राज्यातला. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं तेव्हा तो सोबत आला तो कायमचा. यीस्ट घालून घरी केलेली द्राक्षाची वाइनसुद्धा या कायद्याला चालत नाही, हे नव्याने राहायला आलेल्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. केरळातल्या थलश्शेरीचे बेकरीवाले मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली मर्डॉक ब्राउन या इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, त्यात म्हणे परदेशी ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची गावठी दारू होती. म्हणजे आपल्याकडच्या नाताळच्या केकची सुरुवातच पर्यायाने झाली.

रमचं पहिलं काम टिकवण्याचं. आपल्याकडच्या रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यात फळं दोन-तीन महिने ओट्यावर राहिली तरी बुरशी फिरकत नाही. रसात हे संरक्षण नाही, उलट साखर आणि पाणी आयतं. डिसेंबरातही इथे दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो. तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे, झाकण उचललं की फस्स आवाज आणि आंबूस वास. आणखी थोडे दिवस ठेवलंत तर कायदाच मोडाल. म्हणून रसातली फळं ऑक्टोबरात नाही, केक करायच्या आदल्या रात्री भिजवायची.

२० सेंटिमीटरच्या गोल डब्यासाठी काळ्या मनुका १५० ग्रॅम, बेदाणे १५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम, जर्दाळू किंवा अंजीर ५० ग्रॅम आणि संत्र्याची पाकवलेली साल ५० ग्रॅम. खजूर आणि जर्दाळू बेदाण्याएवढेच बारीक चिरा, मोठे तुकडे तळाशी जातात. पातेल्यात १८० मिलिलिटर गाळलेला संत्र्याचा रस घेऊन त्यात ही फळं मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, झाकून गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम रसात फळं एका रात्रीत तेवढी फुगतात, जेवढी गार रसात दोन-तीन दिवसांत फुगतील. रस काढताना बिया आणि साल दाबली जाऊ देऊ नका. मोसंबी नकोच, तिचा रस ठेवला की कडू होतो.

सकाळी फळं चाळणीत अर्धा तास निथळू द्या. ही पायरी गाळली की केकच्या तळाशी बोटभर जाडीचा गिच्च थर बसतो. लोक दोष ओव्हनला देतात, पण बिघाड पाण्याचा असतो. रमचा बराचसा भाग भाजताना उडून जातो, रसातलं पाणी आणि साखर मिश्रणातच राहतात. निथळलेला रस टाकू नका. आटवून दोन मोठे चमचे उरेल इतका दाट करा, शेवटी लागतो. फळांना मोजलेल्या मैद्यातलाच दोन चमचे मैदा चोळून ठेवा.

‘चेरी’बद्दल एक सांगायला हवं. किराणा दुकानात सुट्या मिळणाऱ्या लालभडक चेऱ्या बहुतेक वेळा पाकवलेली करवंदं असतात आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. खायला दोन्ही छान, पण रंग सुटतो आणि केक गुलाबी डागांचा होतो. कोमट पाण्यात दोनदा धुऊन, कापडावर कोरड्या करून मगच वापरा. पाकवलेली साल मात्र घरीच करावी. खंडेराव मार्केटच्या आसपास या दिवसांत संत्री भरपूर असतात. सालींचे बारीक तुकडे दोनदा पाणी बदलून पाच-पाच मिनिटं उकळा म्हणजे कडवटपणा जातो, मग वजनाएवढ्या साखरेत थोडं पाणी घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा.

रमचं दुसरं काम मसाल्याचा वास ओढून घेण्याचं. मसाल्यातली तेलं अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, रसात नाही. पण चरबीतही ती विरघळतात, आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको, रोजची फोडणी दुसरं काय असते? एक छोटा चमचा दालचिनी पूड, पाव चमचा जायफळ, पाव चमचा सुंठ आणि दोन लवंगांची पूड घ्या. एकूण १५० ग्रॅम लोण्यातलं दोन चमचे वितळवून त्यात मसाला मंद आचेवर अर्धा मिनिट फिरवा. वास सुटला की उतरवा. जास्त वेळ ठेवलं तर लवंग जळते आणि केकला दातांच्या औषधाचा वास येतो.

तिसरं काम रंग आणि किंचित कडवट खोलीचं. हे जळक्या साखरेचं, म्हणजे कॅरॅमलचं. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच ठेवा. ढवळू नका, पातेलं फिरवा. आधी कडा विरघळतील, मग मधासारखा रंग, मग तांबूस, मग कोऱ्या कॉफीसारखा. धुराची पहिली बारीक रेघ दिसली की गॅस बंद करून ८० मिलिलिटर उकळतं पाणी लांबून, हळूहळू ओता. फार जोरात उसळतं, लांब बाही घाला आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा. गार पाणी ओतलं तर साखरेचा दगड होतो, पुन्हा मंद आचेवर ठेवला की विरघळतो. तांबूस रंगावर थांबलात तर नुसता गोडवा मिळतो, कोळसा झाला तर फेकून नव्याने करा. साखर स्वस्त आहे, सुकामेवा नाही.

आता मिश्रण. उरलेलं लोणी खोलीच्या तापमानाचं हवं. इथल्या डिसेंबरच्या सकाळी फ्रिजमधून काढलेलं लोणी मऊ व्हायला दोन तास लागतात, अंडीही तेव्हाच बाहेर काढा. लोणी आणि १०० ग्रॅम ब्राउन शुगर फिकट होईपर्यंत फेटा, मसाल्याचं लोणी गार करून घाला. तीन अंडी एकेक करून. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी गार होती. चमचाभर मैदा टाकला की सावरतं. मग तीन मोठे चमचे गार कॅरॅमल. १८० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम बदामपूड, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घाला, शेवटी फळं आणि ७५ ग्रॅम काजू-अक्रोड. इथून पुढे फेटायचं नाही, उलथन्याने वरखाली करायचं. पीठ चमच्यातून सहज ओघळत असेल तर पातळ झालं. चमचा उलटा केल्यावर क्षणभर चिकटून मग ‘थप्’ करून पडायला हवं.

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून जाड तपकिरी कागदाची पट्टी दोऱ्याने बांधा. केक दीड तास आत राहणार, कडा आधी वाळू नयेत म्हणून हा अंगरखा. तापमान १५० अंश, खालची जाळी, दोन्ही कॉइल चालू, पंखा बंद. लहान ओटीजीत वरची कॉइल केकच्या डोक्यावरच असते, तेव्हा ४५ मिनिटांनी वर फॉइल सैल ठेवा. दीड तासाने मधोमध सुई घालून पाहा. तिला चिकटलेला खजूर म्हणजे कच्चं पीठ नव्हे, दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. बाहेर काढल्यावर गरम असतानाच आटवलेला रस ब्रशने लावा.

रमवाल्या केकला आठवड्याला चमचा-चमचा रम पाजतात. रसाचं तसं करू नका, बुरशी येते. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून दोन दिवस थांबा, त्याआधी कापला तर चुरा होतो. बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे. म्हणजे २२ तारखेला भाजा.

बडोद्यात अर्धे पाहुणे अंडं न खाणारे असतात, म्हणून दुसरा केक लागतोच. वरच्याच कृतीतली अंडी काढून दही घातलं की झालं, असं नाही. अंड्याचा सांगाडा नसल्याने ५०० ग्रॅम फळांचा भार पेलत नाही आणि मध्ये खड्डा पडतो. इथे फळं ३०० ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, वितळलेलं लोणी १०० ग्रॅम, कॅरॅमल आणि संत्र्याचा रस मिळून १५० मिलिलिटर, मैदा २०० ग्रॅम, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. सगळं जमल्यावर शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर, आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये. फसफस आतच व्हायला हवी, ओट्यावर नाही. १८ सेंटिमीटरचा डबा, १६० अंश, तासभर. जैन शेजाऱ्यांसाठी करत असाल तर मध घालू नका. सुंठ बहुतेक घरांत चालते, पण आधी विचारावं.

ताटात केकशेजारी कुलकुलं हवीतच. ज्यांना शंकरपाळी जमते त्यांना कुलकुलं जमतात: पाव किलो मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, ६० ग्रॅम पिठीसाखर, ३० ग्रॅम लोणी, मावेल तसं नारळाचं दूध. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने चपटी करायची आणि एका टोकापासून गुंडाळत आणायची, वर रेघा उमटतात. शेवटची कड दाबली नाही तर तेलात उलगडतात. साखर पिठातच असल्याने मध्यम आच ठेवा, मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आत कच्ची राहतात. तिखटाला लिलव्याची कचोरी पुरे, तुरीचे हिरवे दाणे याच दिवसांत येतात.

आणि पेय. वाइनच्या गरम पंचची नक्कल नुसत्या फळांच्या रसाने केली की सरबत होतं, कारण वाइनमधला तुरटपणा गायब असतो. तो चहा देतो. दहा जणांसाठी एक लिटर सफरचंदाचा रस, २०० मिलिलिटर पाण्यात दोन छोटे चमचे पत्ती चार मिनिटं ठेवून गाळलेला कोरा चहा, आणि रंग-आंबटपणासाठी आठ-दहा कोकमं कपभर गरम पाण्यात भिजवून काढलेलं पाणी. भाजीतली आमसुलं खारवलेली असतात, बिनमिठाची मागून घ्या. दोन दालचिनीचे तुकडे, सहा लवंगा, एक चक्रीफूल, ६० ग्रॅम गूळ घालून पंधरा मिनिटं गरम करा, उकळी फुटू द्यायची नाही. संत्र्याच्या चकत्या शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर सालीचा कडूपणा उतरतो. स्टीलच्या पेल्यात ओठ भाजतात, कपच बरे.

वाढताना दोन केकना दोन सुऱ्या, दोन ताटं, आणि बिनअंड्याचा आधी कापायचा. सुरी एकच असली तर तो केक समोर असूनही अर्धे लोक हात लावत नाहीत, आणि भिडेपोटी कारणही सांगत नाहीत.