राजीनाम्याची पोच

आमच्या तालुक्यात माणसानं पक्ष सोडला म्हणजे तो दुसऱ्या पक्षात गेला, असंच धरतात. त्यामुळे मी राजीनामा दिल्याची बातमी बाजारपेठेत फिरली तेव्हा दुपारच्या आत तिघांनी विचारलं, "नाना, मग प्रवेश कधी?" स्टँडवरच्या टपरीवर तर माझा प्रवेश उरकूनही झाला होता, मुहूर्त तेवढा राहिला होता. कुठंच जाणार नाही म्हटलं की समोरचा डोळे बारीक करून हसतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसलो तर धंदा बुडेल.

पक्षाचं नाव लिहीत नाही. इथल्यांना ते ठाऊक आहे, आणि बाहेरच्यांनी आपापल्या तालुक्यातलं नाव घालून वाचलं तरी फारसं काही बिघडणार नाही.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मागच्या बाजूला फ्लेक्सचं डिझाईन होतं, छपाई जिल्ह्याच्या गावाहून येते. पक्षात मी तालुका चिटणीस. हे पद मिरवायचं नसतं, राबायचं असतं. निवेदनं, पत्रकं, मोर्चाच्या परवानगीचा अर्ज, मतदार यादीतली मयत आणि दुबार नावं, पोलिंग एजंटांचे नमुना १० भरून सह्या घेणं हे सगळं माझ्याकडे. मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला केंद्रावर मॉक पोलला, म्हणजे मशिनच्या चाचणी मतदानाला, हजर राहायचं आणि रात्री मशिनला सील लागल्यावर १७-सी ची, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊनच बाहेर पडायचं. साहेब निवडून आले की गुलाल त्यांच्या अंगावर, आणि हिशेबाची फाईल माझ्या कपाटात. त्याची मला कधी खंत नव्हती. सतरंज्या उचलणारे असतात म्हणून सभा होतात, असं आमचे जुने तालुकाध्यक्ष म्हणायचे आणि सभा संपली की स्वतः एक टोक धरायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली.

त्यांच्या काळात ठरावाची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, सरकारी दप्तरासारखी. बैठकीत ठराव मांडला जायचा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहिली जायची, आणि कुणी विरोध केला तर "अमक्याचा विरोध" अशी नोंद व्हायची. एकदा दुष्काळी छावणीच्या प्रश्नावर स्वतः अध्यक्षांचाच ठराव आम्ही पाडला होता. त्यांनी वहीवर सही केली, सगळ्यांना चहा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर तहसीलदारांकडे आले. मला पक्ष म्हणजे ती वही वाटायची.

पुढं वही बंद पडली. कुणी बंद केली असंही नाही. बैठकीत ठरवायचं काही उरलंच नाही. पदाधिकाऱ्यांची यादी वरून पीडीएफमध्ये यायची, आम्ही तिला टाळ्या वाजवायचो. आमच्या सगळ्या वाक्यांत कर्ता एकच, "वरून". वरून नाव आलंय, वरून आदेश आहे, वरून थांबा सांगितलंय. त्यात २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि निवडणूक लांबतच गेली. कार्यकर्त्याला आयुष्यात एकदा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, हातात पडण्याची शक्यता असते ती जिल्हा परिषदेच्या गटाच्या किंवा पंचायत समितीच्या गणाच्या निवडणुकीतच. ती दारंच बंद झाल्यावर खाली नुसते फ्लेक्सवरचे चेहरे उरले.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे साखर कारखाना एकच. २०२२-२३ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३०५ रुपये होती. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं, नाही दिलं तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. आमच्या कारखान्यानं पहिला हप्ता दिला आणि उरलेल्यावर मौन धरलं. दुकानात रोज माणसं यायची. एक मावशी पावत्यांचं पुडकं रबर लावून घेऊन आल्या. नवरा गेलेला, ऊस ३८ टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनामागं साडेचारशे अडकलेले. कॅल्क्युलेटरवर सतरा हजार शंभर आले. "व्याज?" म्हटल्या. मी वर्षाचं काढलं, अडीच हजारांच्या वर गेलं. त्या म्हणाल्या, "व्याज र्‍हाऊ द्या, मुद्दलाचं बघा."

आम्ही मुद्दलाचं बघितलं. पुण्याला शिवाजीनगरच्या साखर संकुलासमोर ठिय्या दिला. पक्षाचे झेंडे होते, जिल्ह्याचे नेते होते, टीव्हीवाले होते. साखर आयुक्तांनी थकीत रकमेबद्दल आरआरसी काढली, म्हणजे जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली जिल्हाधिकाऱ्यांनी कारखान्याकडून करायची. त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही पोरांसारखे ओरडत होतो. कारखान्याच्या अध्यक्षांविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं. "घामाचे दाम द्या, नाहीतर खुर्ची खाली करा." ती ओळ जिल्हाभर भिंतींवर गेली.

आरआरसी निघाली म्हणजे पैसे आले असं नसतं, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला उतरला आणि तहसीलमध्ये निजला. आम्ही पाठपुरावा करत होतो. आणि मग एका संध्याकाळी सध्याच्या तालुकाध्यक्षांचा, आबांचा, फोन आला. "नाना, अर्जंट फ्लेक्स हाय. बारा बाय आठ. मजकूर पाठवतो."

मजकूर आला. सहकारातील दीपस्तंभ, शेतकऱ्यांचे कैवारी, यांचा शेकडो समर्थकांसह जाहीर पक्षप्रवेश. नाव कारखान्याच्या त्याच अध्यक्षांचं. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत अंडाकृती चौकटीतले आमचे फोटो, त्यात माझा चौथा.

मी मागच्या खोलीत संगणकासमोर बसलो. डिझाईन करणारा पोरगा विशीतला आहे, त्याला राजकारणाशी देणंघेणं नाही. त्यानं अध्यक्षांचा फोटो शोधायला जुनं फोल्डर उघडलं, तर फोटो सापडला तो आमच्याच निषेधाच्या पत्रकातला, त्यावर लाल फुली मारलेली. पोरानं सहज विचारलं, "नाना, फुली काढून हाच वापरू का? क्वालिटी चांगली आहे." फुली काढायला त्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

मी आबांना फोन लावला. म्हटलं, मावशींचे सतरा हजार दिले का त्यांनी? आबा म्हणाले, "आता ते आपलेच झाले की. आतनं बोलून देऊ." म्हटलं, बैठक कधी झाली? "कसली बैठक?" हा प्रवेश घ्यायचा ठरवणारी. आबा थोडा वेळ गप्प राहिले. माणूस वाईट नाही, माझ्या पोरीच्या लग्नात दोन दिवस वाढायला होता. मग म्हणाले, "नाना, वरनं ठरलंय. आपण कोण विचारणारे?"

आपण कोण, याचं उत्तर मला तोवर येत होतं असं वाटायचं.

फ्लेक्स मी करून दिला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, ॲडव्हान्स आला होता. फक्त खालच्या ओळीतला चौथा फोटो काढायला लावला, आणि जागा मोकळी दिसू नये म्हणून पोरानं बाकीचे सरकवून घेतले. प्रवेशाच्या कार्यक्रमात जिल्ह्याचे तेच नेते, साखर संकुलासमोर माझ्याशेजारी मांडी घालून बसलेले, अध्यक्षांच्या गळ्यात उपरणं घालत होते. भाषणात एफआरपी हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. मी मागं उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं, कारण एकदा तरी येईल असं वाटत होतं.

राजीनामा टाईप केला. चार ओळी. पक्षकार्यालयात नेऊन दिला आणि सवयीनं दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. कार्यालयातला पोरगा गोंधळला. शिक्का कुठाय ते त्याला माहीत नव्हतं, आवक रजिस्टर तर नव्हतंच. "व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की ग्रुपवर," म्हणाला. ग्रुपवर टाकला. त्याखाली पाच जणांनी हात जोडले, दोघांनी अंगठा दाखवला, एकानं "अभिनंदन नाना" लिहिलं. बहुतेक न वाचताच. मग कुणीतरी आमदारांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ टाकला आणि माझा राजीनामा वर सरकून दिसेनासा झाला.

गंमत बघा, आमदारानं पक्ष सोडला तर त्याच्यासाठी घटनेची दहावी अनुसूची आहे. १९८५ मध्ये ती आली. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि एक तृतीयांश फुटले तर चालतं, ही पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश लागतात, तेही विलीनीकरण म्हणून. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या सदस्यांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा वेगळा कायदा आहे. वकील लागतात, सुनावण्या होतात, सुप्रीम कोर्टापर्यंत जातं. कार्यकर्ता गेला तर साधा शिक्का मिळत नाही.

हे मी रागानं लिहितोय असं वाटेल, पण शेजारच्या तालुक्यातल्या मित्राचं बघितल्यावर राग गेला. तो दुसऱ्या पक्षातला, ज्या पक्षाचे मधल्या काळात दोन तुकडे झाले. पक्ष कुणाचा हे ठरायचं होतं तेव्हा त्यानं उन्हातान्हात गावोगाव फिरून शेकडो लोकांची प्रतिज्ञापत्रं गोळा केली, आधारकार्डाच्या झेरॉक्ससह. गठ्ठे दिल्लीला गेले. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचा निकाल दिला, आणि दोन्हीकडे पारडं फिरलं ते आमदार-खासदारांच्या संख्याबळावर. संघटनेतलं बहुमत नीट तपासता येत नाही, पक्षांतर्गत निवडणुकांचा पत्ता नाही, असं काहीसं आयोगाचं म्हणणं होतं. कोण बरोबर, कोण चूक यात मी पडत नाही. मित्रानं मला विचारलं ते एवढंच, "मग मी गोळा केलेली माणसं कुठं मोजली?"

मला त्या दिवशी आमची लाल वही आठवली. पक्षात निवडणूक होत नाही, ठराव होत नाही, सदस्यांचं रजिस्टर कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नाही. मग उद्या आमच्या पक्षावर ती वेळ आली तर आयोग तरी आम्हाला कुठून मोजणार? लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे पक्षाची नोंदणी करताना लोकशाहीच्या तत्त्वावर निष्ठा ठेवू असं लिहून द्यावं लागतं. असे कागद टाईप करण्यात माझं आयुष्य गेलंय. लिहून देणं आणि वागणं यातलं अंतर मला रोज काउंटरवर दिसतं, पण उत्पन्नाच्या दाखल्यात चार हजार कमी दाखवणारा माणूस निदान नजर चोरतो.

काही जण म्हणतात, आत राहून भांडायचं होतं. भांडायला बैठक लागते हो. काही म्हणतात, नानाला तिकीट नाकारलं म्हणून गेला. मी तिकीट कधी मागितलं नाही, माझा गट दोनदा महिला राखीव झाला होता आणि बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या नावावर तुम्ही मिरवायचं नाही. तो विषय घरातच संपला.

दुसऱ्या दोन पक्षांचे फोन येऊन गेले. एकानं जिल्हा सरचिटणीसपद देऊ म्हटलं. मी विचारलं, तुमच्याकडे आरआरसीचा पाठपुरावा कोण करणार? तो म्हणाला, ते नंतर बघू, आधी प्रवेश मोठा करू, माणसं किती आणाल? मी म्हटलं, माणसं ऊसबिलासाठी येतात, माझ्यासाठी नाही. पुन्हा फोन आला नाही.

बिलं अजून अडकलेलीच आहेत. आतनं बोलून देऊ म्हणणाऱ्यांनी आतनं काय बोलले ते कळवलेलं नाही. पण आरआरसीचा कागद कुठल्या पक्षाचा नसतो, आणि तो तहसीलमध्ये कुठल्या टेबलावर आहे ते मला माहीत आहे, कचेरी दुकानासमोरच आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. वसुलीसाठी काय कारवाई केली, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं, एवढंच विचारलंय.

तर २०२२-२३ च्या हंगामाचं ज्यांचं बिल राहिलंय त्यांनी येत्या शनिवारी बाजार समितीच्या आवारात, जुन्या काट्याजवळ, सकाळी दहाला यावं. वजनाच्या पावत्या, पहिल्या हप्त्याची नोंद असलेलं पासबुक आणि नोंदीचा सातबारा घेऊन या. पावत्या हरवल्या असतील तर कारखान्याकडून ऊसनोंदीचा उतारा मागायचा अर्ज तिथंच भरून देतो. झेंडे आणू नका. झेरॉक्स माझ्याकडेच काढली पाहिजे असं नाही, पण काढली तर पैसे घेणार.