कौल हरलेल्यांची बाजू

रविवार, १८ जानेवारी २०२६

परवा अस्मिताय दीस झाला. दरवर्षी १६ जानेवारीला भाषणे होतात, वर्तमानपत्रांत लेख येतात आणि १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला याचे स्मरण केले जाते. आमच्या घरी त्या दिवशी कोणी फारसे बोलत नाही, कारण आजोबांनी मत दिले होते ते विलीनीकरणाचे चिन्ह असलेल्या ‘फुला’ला, वेगळ्या गोव्याच्या ‘दोन पानां’ना नव्हे. संघप्रदेशाच्या, म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या, बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०; म्हणजे ३४,०२१ मतांनी आमची बाजू हरली.

मला मात्र त्याच वर्षात पुढे जे घडले ते अधिक मोलाचे वाटते. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधीच पायउतार झाले होते. कौल त्यांच्या पक्षाच्या मुख्य मागणीच्या, विलीनीकरणाच्या, विरोधात गेला, आणि तरीही काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत गोमंतकीयांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसवले. उलट विलीनीकरणविरोधकांना कौल जिंकून देणारे त्यांचे नेते जॅक सिक्वेरा विरोधी बाकावरच राहिले. एका प्रश्नावर हरलेला माणूस सगळ्याच प्रश्नांवर बाद ठरत नाही, त्याची निष्ठा संशयास्पद होत नाही, आणि जिंकलेल्यालाही कायमचा ताम्रपट मिळत नाही. हे त्या वेळच्या मतदारांना, त्यांतल्या अनेकांना सही करण्यापुरतेही अक्षरज्ञान नसताना, नेमके उमगले होते. आजच्या काही शिकलेल्या वक्त्यांना ते उमगलेले दिसत नाही, असे परवाची एक-दोन भाषणे ऐकून वाटले.

आजोबा सांगत, की पोर्तुगीज अमदानीत लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. वधूवरांची नावे, मुहूर्त आणि भोजनाची वेळ यांत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला धोका तो काय दिसत असेल, कोण जाणे! १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले ते सर्वांत आधी नागरी स्वातंत्र्यासाठी, म्हणजे बोलण्याच्या आणि एकत्र जमण्याच्या हक्कासाठी. मला तो क्रम योग्य वाटतो. सत्ता कोणाची याचे उत्तर बहुमताने ठरवता येते. पण बोलायचे कोणी, हे बहुमतावर सोपवले तर पहिल्या मोजणीनंतर दुसरी मोजणी होण्याचे कारणच उरत नाही.

मराठीच्या बाबतीत मी हा विचार स्वतःच्या सोयीसाठी करतो आहे का, असे मी स्वतःला अधूनमधून विचारतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीचा वापर सरकारी कामकाजासाठी करता येईल अशी तरतूद ठेवली. एवढ्यावर समाधान न झालेले आम्ही मराठीवाले अजूनही समान दर्जा मागतो. पण मग त्याच कायद्याने आपल्याला वगळले, अशी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत लिहिणाऱ्या कोंकणी बांधवांची तक्रार असते, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना एकाएकी राज्याच्या ऐक्याची काळजी का वाटू लागते? राज्यघटनेच्या २९ व्या कलमात नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क आहे. लिपीचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. जे माप मी मराठीसाठी पुढे करतो, ते रोमी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, संहितेलाही लावावे लागेल, आणि ते लावताना माझा हात आखडत असेल तर मागणी मराठीची नसून वरचढपणाची आहे.

हे सगळे आज डोक्यात येण्याचे कारण आमच्या पंचायतीची ग्रामसभा. शाळेच्या सभागृहात नेहमीप्रमाणे मागील इतिवृत्त वाचून झाले, गटारे आणि पथदीप झाले, आणि मग विजापूरकडून येऊन आमच्या वाड्यावर भाड्याच्या खोलीत राहणारी एक बाई उठली. कचऱ्याची गाडी खोल्यांपर्यंत येत नाही, एवढेच तिला सांगायचे होते. कानडी हेल असलेल्या कोंकणीत तिने पहिले वाक्य पुरे केले न केले तोच मागून आवाज आला, “तूं भायली, तुका हांगा उलोवपाचो हक्क ना.” (तू बाहेरची, तुला इथे बोलण्याचा हक्क नाही.) काही जण हसले. सचिवांनी मान वर न करता मतदारयादीची पाने उलटली, एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “नांव आसा. उलय गो बाये.” बाई बोलली. तिचे दोन्ही हात पदर मुठीत धरून होते, आवाज मात्र शेवटपर्यंत चढाच राहिला.

मागून ओरडणाऱ्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. डोंगर कापले जात आहेत, शेते बुजवली जात आहेत, आणि आपल्याच गावात आपण थोडे होऊ ही धास्ती इथल्या हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सगळ्यांच्या बोलण्यात येते. पण जमिनीचे रक्षण जमिनीच्या कायद्याने करायचे असते. २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला, तेव्हा लढा आराखड्याशी होता. कोट्यवधींचे व्यवहार करणारे ग्रामसभेला येत नाहीत. येते ती कचऱ्याची तक्रार घेऊन आलेली बाई, आणि सगळा राग तिच्यावर निघतो. शिवाय आमच्या आजोबांनाही कौलाच्या दिवसांत घाटापलीकडचे हस्तक म्हणवून घ्यावे लागले होते, हे आमच्या वाड्यावरची म्हातारी माणसे विसरलेली नाहीत.

गाडी आत आणण्याचा निर्णय आज झाला नाही. अरुंद वाटेचे कारण पुढे आले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची ग्रामसभा एप्रिलमध्ये. गेल्या खेपेस खोल्यांतल्या लोकांनी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात आलाच नव्हता, म्हणून उद्या पंचायतीत जाऊन आजच्या इतिवृत्ताच्या प्रतीसाठी अर्ज द्यायचा आहे. बाईचे म्हणणे तिच्या नावासह नोंदवले आहे का, आणि मागून घेतलेली हरकतही नोंदली आहे का, या दोन्ही गोष्टी पाहायच्या आहेत.