अभ्यासिका नसती तर मुले किती शिकली असती?

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत आमची संस्था गेली अकरा वर्षे संध्याकाळची अभ्यासिका चालवते आणि तिचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पटावर मुले किती, सरासरी हजेरी किती, वह्या किती वाटल्या, पालकसभा किती झाल्या, हे सगळे मी दर मे महिन्यात हजेरीपट आणि पावत्या समोर ठेवून मोजत आले, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या देणगीदारांनी तो अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि मला फोन करून विचारले, "ताई, तुम्ही काय काय केलेत ते समजले. मुलांचे काय झाले?" मी त्यांना दोन-तीन मुलांच्या गोष्टी सांगितल्या. त्या खऱ्या होत्या, पण इतक्या वर्षांतल्या शंभराहून अधिक मुलांमधून मी नेमक्या त्याच दोन-तीन का निवडल्या हे फोन ठेवताना मला स्वतःला कळत होते.

त्यानंतर आम्ही मोजायचे ठरवले. शाळकरी वयाच्या मुलांना कितपत वाचता येते हे तपासणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी वाचनचाचणी आम्हांला ठाऊक होती. मुलाला एकट्याला समोर बसवायचे, हातात कागद द्यायचा आणि ते अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कुठपर्यंत सहज वाचते ते नोंदवायचे, इतकी ती साधी आहे. जूनमध्ये तिसरी ते पाचवीच्या सर्व मुलांची अशी चाचणी घेऊन त्यांतली सर्वांत मागे असलेली मुले आम्ही वेगळ्या वर्गात बसवली आणि डिसेंबरमध्ये त्यांची पुन्हा चाचणी घेतली. अक्षरांवर अडलेली बरीच मुले परिच्छेदापर्यंत आली होती. शिकवणाऱ्या ताईंचे डोळे भरून आले, आणि त्या वर्षीच्या अहवालात मी ही प्रगती पहिल्याच पानावर लिहिली.

तो अहवाल आमच्या परिचयातल्या संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचला. त्यांनी मला घरी बोलावले, चहा दिला आणि अतिशय सौम्यपणे विचारले, "ही मुले या सहा महिन्यांत शाळेत जात नव्हती का?" जात होती, अर्थातच. शाळेत काही शिकत होती, वयाने सहा महिन्यांनी मोठी झाली होती, आणि तोच कागद दुसऱ्यांदा पाहत होती. यापुढे सरांनी जे सांगितले ते समजायला मला बराच वेळ लागला. जूनच्या त्या एका दिवशी कोणाला ताप असेल, कोणी रात्री उशिरा हळदीहून आलेले असेल, कोणी अनोळखी माणसासमोर बुजले असेल. म्हणजे त्या दिवशी सर्वांत मागे दिसलेल्या मुलांमध्ये खरोखर मागे असलेली मुले होती, तशीच केवळ त्या दिवशी मागे पडलेलीही होती. अशा दुसऱ्या प्रकारच्या मुलांची कधीही पुन्हा चाचणी घेतली तरी ती वर आलेली दिसणारच, मग मध्ये अभ्यासिका असो वा नसो. जो कार्यक्रम सर्वांत वाईट स्थितीतली माणसे निवडून सुरू होतो, मग तो कुपोषित बालकांचा असो, कर्जात बुडालेल्या कुटुंबांचा असो की व्यसनमुक्तीचा, त्याला हे फुकटचे श्रेय आपोआप मिळत राहते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. ताईंची मेहनत कोणीतरी हिरावून घेते आहे असेच वाटले, आणि घरी परतताना मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते.

भांडण मिटले ते गडचिरोलीमुळे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या तिथल्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याबद्दल मी पूर्वीही ऐकले होते, पण त्याची मांडणी कशी होती इकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरोघरी जाऊन बाळांची तपासणी व उपचार करत होत्या, आणि ४७ गावांत ही सेवा नव्हती, परंतु जन्म-मृत्यूची नोंद मात्र तिथेही तितक्याच काळजीने होत होती. शिवाय सेवा सुरू करण्यापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात, दोन्हीकडची मूळ स्थिती मोजून ठेवली होती. म्हणूनच १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांना लिहिता आले की तिसऱ्या वर्षी सेवा असलेल्या गावांत, सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. नुसते "आम्ही इतक्या बाळांना तपासले" असे ते लिहीत राहिले असते, तर पुढे आशा कार्यकर्तींमार्फत देशभर अशी सेवा देण्याचा विचार कोणी कशाच्या आधारावर केला असता? सेवेची सगळी कळकळ त्या ३९ गावांत असेल. तिचा पुरावा मात्र ज्यांना सेवा मिळत नव्हती त्या ४७ गावांनी दिला.

आमच्याकडे गावे नव्हती, पण प्रतीक्षा यादी होती. अभ्यासिकेची खोली लहान आहे, तिथे तीस मुलांपेक्षा जास्त बसत नाहीत आणि दर जूनला त्याहून कितीतरी जास्त नावे येतात. आजवर आम्ही आधी आलेल्यांना आधी घेत होतो. त्यामुळे सकाळीच रांगेत उभ्या राहू शकणाऱ्या, म्हणजे मुलाच्या शिक्षणाबद्दल आधीच जागरूक असलेल्या, घरांतली मुले आमच्याकडे येत होती आणि त्यांच्या यशाचे श्रेय आम्ही घेत होतो. सरांनी चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. आधी सर्व मुलांची चाचणी घ्यायची, मग चिठ्ठ्या टाकून तीस मुले या वर्षी आणि उरलेली पुढच्या वर्षी घ्यायची, आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांची एकाच वेळी चाचणी घ्यायची.

गणपती मंडळाच्या मांडवात, सगळ्या पालकांसमोर, एका पाच वर्षांच्या मुलीच्या हातून आम्ही चिठ्ठ्या काढल्या. ज्यांचे नाव निघाले नाही त्यांतल्या एक आई थेट माझ्यापाशी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या मुलाला शिकवतात. "ताई, माझ्या पोराला तुम्ही नुसतं मोजायला ठेवलं का?" असे त्या म्हणाल्या. जागा तीसच आहेत, कोणाला तरी थांबावेच लागणार होते आणि चिठ्ठीत ओळखीपाळखीला वाव नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे मी म्हणणार नाही. आजही मला वाटते की जागा खरोखर अपुऱ्या असतील तेव्हाच हा मार्ग न्याय्य आहे. एखाद्या उपायाचा उपयोग होतो हे आधीच सिद्ध झाले असेल आणि तो सर्वांना देणे शक्य असेल, तर केवळ तुलनेसाठी कोणाला त्यापासून दूर ठेवणे मला मान्य होणार नाही. आणखी एक वचन आम्ही दिले आणि पाळले: पुढच्या जूनमध्ये त्या सर्व मुलांना आधी प्रवेश मिळाला.

वर्षअखेरीची चाचणी आमच्या ताईंनी घ्यायची नाही, हेही सरांनीच सुचवले. ज्या मुलाला आपण वर्षभर शिकवले, ते एखाद्या शब्दाशी अडखळले की आपले ओठ नकळत हलतात. म्हणून समाजकार्य महाविद्यालयातले विद्यार्थी आले, आणि कोणते मूल कोणत्या गटातले आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. निष्कर्ष असा आला की वाचनात अभ्यासिकेतली मुले स्पष्टपणे पुढे होती, जरी आमच्या पहिल्या अहवालातल्या प्रगतीच्या मानाने हा फरक बराच लहान होता. गणितात मात्र दोन्ही गटांत फरक असा नव्हताच.

गणिताचा हा निकाल मला सर्वांत उपयोगी वाटतो. पूर्वी मी त्यावरून "गणिताचा कार्यक्रम फसला" असे लिहिले असते. आता आम्ही आधी विचारले की गणिताचा कार्यक्रम झाला तरी होता का. दोन आठवडे मी रोज खोलीच्या कोपऱ्यात बसून पाहिले. वेळापत्रकात गणिताला शेवटचा पाऊण तास होता, आणि त्याच वेळी वस्तीत पाणी येत असल्यामुळे निम्म्या मुली हंडे भरायला घरी जात होत्या. उरलेली मुले शाळेत दिलेली उदाहरणे फळ्यावरून वहीत उतरवत होती, कारण गृहपाठ पूर्ण झाला नाही तर दुसऱ्या दिवशी त्यांना शाळेत बोलणी बसत. काठ्या, गठ्ठे, खोट्या नोटा हे साहित्य आम्ही मोठ्या हौसेने आणले होते; ते कपाटात होते. जी पद्धत प्रत्यक्षात वापरलीच गेली नाही ती चांगली की वाईट हे आमची चाचणी सांगू शकत नव्हती. आता गणित पहिल्या तासाला असते.

मुलांना आणि पालकांना काय वाटते हे विचारले की झाले, असे मला पुष्कळजण सांगतात. ते विचारायलाच हवे. पाण्याच्या वेळेची गोष्ट आईंनी आम्हांला पहिल्याच सभेत सांगितली असती, जर आम्ही विचारले असते. पण समाधान म्हणजे परिणाम नव्हे, आणि याचे मला माहीत असलेले सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली पाचशेहून अधिक मुलग्यांची जोड्यांत विभागणी करून, प्रत्येक जोडीतल्या एकाला कित्येक वर्षे समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे अशी सर्व मदत दिली गेली. दुसऱ्याला दिली गेली नाही. गुन्हेगारीपासून मुले दूर राहावीत हा हेतू होता. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने सुमारे तीस वर्षांनी त्या सर्वांचा शोध घेतला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांना त्या कार्यक्रमाचा आपल्याला फायदा झाला असे मनापासून वाटत होते, आणि तरीही गुन्ह्यांच्या बाबतीत ते जोडीदारांपेक्षा सरस नव्हते, मद्यासक्ती आणि अकाली मृत्यू यांसारख्या काही बाबतींत तर त्यांची स्थिती अधिक वाईट होती. हे वाचल्यापासून "निदान नुकसान तर होत नाही ना" हे वाक्य मी सभेत उच्चारत नाही.

पुण्याला ही दृष्टी नवीन असायला नको. गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली आणि १९५० च्या दशकात त्याच संस्थेने फेरपाहणीही केली. आधीची नोंद होती म्हणूनच बदल सांगता आला. आज मूल्यमापनाची चर्चा बहुधा कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांनी खर्च करायच्या, निधीमुळे होते. २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपन्यांचा सीएसआर खर्च सरासरी १० कोटी किंवा अधिक असणे बंधनकारक आहे, त्यांना १ कोटी व त्याहून मोठ्या प्रकल्पांची परिणाम-तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. ही तपासणी प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर होते, आणि सुरुवातीची मोजणी कोणी केलेली नसेल तर तपासणारा कितीही निष्णात असला तरी लोकांच्या आठवणींवर अवलंबून राहतो. आमच्यासारख्या लहान संस्थांना हा नियम थेट लागू होत नाही, पण जूनमधली ती पहिली चाचणी कोणी सांगण्याची वाट न पाहता घेणे आमच्या हातात आहे.

सध्या आम्ही वेगळ्याच कामात आहोत. चिठ्ठी निघालेल्या तीस मुलांपैकी सात मुले वर्षअखेरीच्या चाचणीला हजर नव्हती, आणि पहिल्या हिशेबात मी त्यांना सहज वगळले होते. शिकणे जड गेले म्हणून सोडून गेलेली मुले यांतच असण्याची शक्यता अधिक, म्हणजे त्यांना वगळले की आमचे काम आहे त्यापेक्षा चांगले दिसते. दोन ताई आणि मी गेले काही रविवार त्यांना शोधत आहोत. एक कुटुंब धायरीला भाड्याच्या खोलीत सापडले, दोन कात्रजच्या पलीकडे. एका मुलीला आजीकडे गावी पाठवले होते, तिची चाचणी तिच्या शाळेच्या व्हरांड्यात घेतली. एक मुलगा वस्तीतच होता आणि संध्याकाळी वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा राहत होता. दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही. या वर्षीच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'चाचणी झाली नाही' असे लिहिले आहे, आणि एकूण संख्या तीसच ठेवली आहे.